रेडिओसर्जरीनंतर आई विसरू लागली, हा दोष किरणांचाच का?

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिला 'हर-टू पॉझिटिव्ह' (हर-टू नावाचे प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारचा स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, केमो, इंजेक्शने असे सगळे उपचार झाले. सहा महिन्यांपूर्वी तिला एक फिट आली, तेव्हा मेंदूत तीन गाठी असल्याचे कळले आणि पुढच्याच महिन्यात पुण्यात रेडिओसर्जरी केली. पूर्ण डोक्याला किरणांचा शेक दिला तर स्मरणशक्ती जाऊ शकते, असे डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आम्ही हा मार्ग निवडला. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत आई विसरू लागली आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, हे तिला आठवत नाही. गल्लीतल्या बायकांची भिशी ती वर्षानुवर्षे सांभाळते. मागच्या महिन्यात तिने दोघींकडे हप्ता दुसऱ्यांदा मागितला आणि एकीचे पैसे वहीत मांडायचेच राहिले. जुन्या गोष्टी मात्र नावानिशी सांगते. महिन्यापूर्वीच्या एमआरआयमध्ये एक जुनी गाठ सुजून मोठी दिसली आणि दोन नवे बारीक ठिपके दिसले. तेव्हापासून डेक्सामेथासोन हे सुजेवरचे स्टेरॉइड सकाळ-रात्र सुरू आहे. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटाम आधीपासून आहेच. हल्ली ती पहाटे तीनला उठून कपाट आवरते आणि बारीकसारीक गोष्टींवरून चिडते. पुन्हा रेडिओसर्जरी करायची की पूर्ण मेंदूला शेक द्यायचा, याचा विचार करून सांगा, असे डॉक्टर म्हणतात. भाऊ म्हणतो, किरणांनीच आईची बुद्धी गेली, आता काहीच नको. आजार मेंदूत गेला आहे, हे आम्ही आईला सांगितलेले नाही. 'डोक्यात सूज आहे' एवढेच तिला माहीत आहे. आमचा निर्णय चुकला का?
एक मुलगी, सातारा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचे ओझे घरातल्या सगळ्यांच्याच मनावर आहे असे पत्रावरून दिसते. तीन गाठी असताना पूर्ण मेंदूऐवजी केवळ गाठींवर रेडिओसर्जरी करण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. अशा रुग्णाला आज बहुतेक मोठ्या केंद्रांत हाच सल्ला दिला जातो. शिवाय पहाटे उठून कपाट आवरणे आणि विनाकारण चिडणे या दोन तक्रारींच्या मागे किरणांपेक्षा औषधे असण्याची शक्यता मला अधिक वाटते. विसरण्याचे कारण मात्र शोधावे लागेल, आणि ते सापडेपर्यंत 'आता काहीच नको' या निष्कर्षावर घरात कोणी येऊ नये. तुमच्या आईंचे एमआरआय मी पाहिलेले नाहीत. पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या डॉक्टरांशी तुम्हाला नेमके बोलता यावे यासाठी आहे.

रेडिओसर्जरी या नावात सर्जरी असली तरी तिच्यात चिरफाड नसते. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली. आजच्या गॅमा नाइफ यंत्रात कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. त्यांतला प्रत्येक किरण एकेकटा क्षीण असतो आणि सगळे जिथे एकत्र येतात तिथेच मात्रा मोठी होते. सायबरनाइफ किंवा लिनॅक या यंत्रांची रचना वेगळी असली तरी तत्त्व हेच आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकाच बैठकीत २० ते २४ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा देता येते, आणि गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरच्या आत ती झपाट्याने उतरते. पूर्ण मेंदूच्या शेकात सहसा दहा बैठकांमध्ये मिळून ३० ग्रे दिले जातात. प्रत्येक वेळची मात्रा लहान असली तरी ती सगळ्या मेंदूला मिळते, आणि त्यात नवी आठवण साठवण्याचे काम करणारा हिप्पोकॅम्पस हा भागही येतो.

या दोन उपचारांचा बुद्धीवर काय परिणाम होतो, हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना केवळ रेडिओसर्जरी दिली होती आणि काहींना तिच्या जोडीला पूर्ण मेंदूचा शेकही दिला होता. चार महिन्यांनी ऐकलेले शब्द आठवण्याच्या क्षमतेत लक्षणीय घट होण्याची शक्यता पहिल्या गटात २४ टक्के, तर दुसऱ्या गटात ५२ टक्के निघाली, आणि हा फरक इतका स्पष्ट होता की ५८ रुग्णांवरच तो अभ्यास थांबवण्यात आला. त्यानंतर २०१६ मध्ये एक ते तीन गाठी असलेल्या, म्हणजे तुमच्या आईंसारख्याच, २१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी बौद्धिक घसरण झालेल्यांचे प्रमाण केवळ रेडिओसर्जरीच्या गटात ६३.५ टक्के होते आणि शेक जोडलेल्या गटात ९१.७ टक्के. जास्तीचा शेक घेतल्याने आयुष्य काही वाढले नाही.

यातला ६३.५ हा आकडा वाचून तुमचे भाऊ म्हणतील की म्हणजे किरणांनी नुकसान होतेच. हा आकडा कसा आला ते समजून घ्यायला हवे. रुग्णाच्या अनेक चाचण्या घेतल्या होत्या आणि त्यांपैकी कोणत्याही एकीत जरी ठरावीक मर्यादेपेक्षा गुण उतरले तरी 'घसरण' अशी नोंद होत होती. ज्याला घरातले कोणी विसराळू म्हणणार नाही, असा माणूसही त्या गणतीत येऊ शकतो. शिवाय या सगळ्या रुग्णांच्या मेंदूत कर्करोग होता आणि अशा रुग्णांना इतर औषधेही चालू असतात, त्यामुळे त्या आकड्यातला किरणांचा वाटा वेगळा काढता येत नाही. ४०१ रुग्णांच्या आणखी एका अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, मेंदूला किरणोपचार देण्याच्या आधीच नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण किमान एका चाचणीत कमी पडले होते. आणि गाठी किती आहेत यापेक्षा त्या सगळ्यांनी मिळून किती जागा व्यापली आहे, याच्याशी त्या कमतरतेचा संबंध अधिक होता. याच रुग्णांपैकी ज्यांच्या गाठी उपचाराने चांगल्या आकसल्या, त्यांची बौद्धिक क्षमता अधिक काळ टिकली. 'काहीच नको' म्हणण्यापूर्वी तुमच्या भावाने ही गोष्ट लक्षात घ्यावी असे मला आग्रहाने वाटते, कारण वाढत जाणारी गाठ बुद्धीचे जे नुकसान करते ते सहसा उपचारापेक्षा मोठे असते.

दोन नवे ठिपके आले म्हणजे रेडिओसर्जरी फसली, असेही नाही. रेडिओसर्जरी जिथे दिली जाते तेवढ्याच जागेवर काम करते; मेंदूत इतरत्र दडलेल्या पेशी पुढे वाढू शकतात, हे हा उपचार निवडतानाच गृहीत धरलेले असते. जपानमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ रेडिओसर्जरी घेतलेल्यांपैकी ७६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत वर्षभरात पुन्हा गाठ दिसली होती, तर शेकही घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६.८ टक्के होते. तरीही दोन्ही गटांचे आयुष्यमान सारखेच राहिले. म्हणूनच या उपचारानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करण्याचा आग्रह धरला जातो, आणि तुमच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला, कारण ठिपके बारीक असतानाच सापडले.

आता विसरण्याकडे वळू. अशा वेळी मी नातेवाइकांना एकच काम सांगतो : एका कागदावर तारखा मांडा. रेडिओसर्जरी कधी झाली, कोणते औषध कधी सुरू झाले आणि त्याची मात्रा कधी वाढली, इंजेक्शने कधी बदलली, आणि प्रत्येक तक्रार प्रथम कोणाच्या व कधी लक्षात आली. तुमच्या पत्रातच याची सुरुवात झालेली आहे. डेक्सामेथासोन महिन्यापूर्वी सुरू झाले आणि पहाटेचे जागरणही त्याच सुमाराचे आहे. हे औषध सूज उतरवण्यात फार गुणकारी असले तरी झोप उडवते, माणसाला अस्वस्थ व कधी अतिउत्साही करते, रक्तातली साखर वाढवते, आणि जास्त दिवस चालले तर मांड्यांचे स्नायू इतके अशक्त करते की जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. त्याची रात्रीची मात्रा दुपारी दोनच्या आत घेता येईल का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. अनेकदा एवढ्या बदलानेच झोप परत येते, आणि झोप आली की स्मरणही थोडे सावरते. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद मात्र कधीही करू नये, त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

लेव्हेटिरॅसिटामचा चिडचिडेपणा सर्वश्रुत आहे. घरच्यांना वाटते की माणसाचा स्वभाव बदलला आणि रुग्णाला वाटते की सगळे आपल्यावर उठले आहेत. प्रत्यक्षात फिटचे दुसरे औषध दिल्यावर कित्येकदा आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो. हा बदलही डॉक्टरांनीच करायचा आहे. याखेरीज झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, विशेषतः अल्प्राझोलाम आणि ट्रामाडोल. थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ या साध्या तपासण्या करून घ्या. लघवीतला जंतुसंसर्गसुद्धा या वयात माणसाला गोंधळात टाकतो. आणि उदासीनता विसरू नका. खिन्न मनाला नवे काही टिपून ठेवता येत नाही, आणि उदासीनतेवर उपचार आहेत.

तरीही विसरणे डेक्सामेथासोनच्या आधीपासूनचे आहे, त्यामुळे सगळा दोष औषधांवर टाकून चालणार नाही. जुने नावानिशी आठवणे आणि सकाळची गोळी न आठवणे हे नवी आठवण साठवण्यातल्या अडचणीचे लक्षण आहे. भिशीचा घोटाळा मला त्याहून बोलका वाटतो. कोणी पैसे दिले हे ऐकायचे, ते क्षणभर मनात धरायचे, वही उघडून योग्य नावापुढे मांडायचे आणि मग पुढचीकडे वळायचे, यात स्मरणाबरोबर लक्ष आणि क्रम सांभाळण्याची क्षमताही लागते. मोठी झालेली ती जुनी गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे, हे डॉक्टरांना नेमके विचारा. ती कानशिलाच्या बाजूच्या किंवा कपाळामागच्या भागात असेल आणि भोवती सूज असेल, तर तुम्ही लिहिलेल्या बऱ्याचशा गोष्टींचा उलगडा तिथेच होईल.

ती गाठ खरोखर वाढली आहे की किरणांनी मेलेल्या पेशींमुळे सुजली आहे, हा या क्षणी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रेडिओसर्जरीनंतर काही रुग्णांमध्ये गाठीच्या जागची आणि कडेची ऊती मरते आणि तिच्याभोवती सूज येते. याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. हे बहुधा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिसते, पण आधीही होऊ शकते, आणि साध्या एमआरआयमध्ये ते वाढलेल्या गाठीसारखेच दिसते. तुमच्या भावाचा संशय खरा ठरण्याची जागा असेल तर ती हीच आहे. त्यासाठी परफ्यूजन एमआरआय, स्पेक्ट्रोस्कोपी किंवा विशिष्ट पेट स्कॅन करतात. कधी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून पाहतात, आणि तरीही निश्चिती झाली नाही तर शस्त्रक्रियेने तुकडा काढून तपासतात. नेक्रोसिस निघाला तर स्टेरॉइड, बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन किंवा क्वचित शस्त्रक्रिया असे उपचार आहेत, आणि सूज उतरली की हरवल्यासारखे वाटणारे बरेचसे परतही येते. आईंना कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब एम्टॅन्सिन हे इंजेक्शन चालू असेल किंवा होऊन गेले असेल, तर ते या चर्चेत आवर्जून सांगा, कारण रेडिओसर्जरीच्या जोडीला ते असताना नेक्रोसिस अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत.

पुढचा उपचार ठरण्यापूर्वी आईंची बौद्धिक चाचणी करून घ्या आणि ती मराठीतूनच घ्यायला सांगा. अशा एका चाचणीत बारा शब्द वाचून दाखवतात व लगेच म्हणायला लावतात, असे तीनदा करतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी न सांगता पुन्हा विचारतात. दुसरीत एका अक्षरापासून सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द मिनिटभरात सांगायचे असतात, तिसरीत कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायचे असतात. ज्या भाषेत माणूस विचार करत नाही त्या भाषेत ही चाचणी घेतली तर निकाल आजाराचा न राहता भाषेचा होतो, आणि शिक्षण किती झाले आहे हेही हिशेबात धरावे लागते. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात 'आज वार कोणता' वगैरे जे विचारतात, त्या ढोबळ प्रश्नांतून अशी सूक्ष्म घसरण निसटते. ही चाचणी आधीच व्हायला हवी होती, पण आता केली तरी तीन महिन्यांनी तुलना करायला आधार मिळेल.

आता उपचाराची निवड. नव्या गाठी दोनच असतील, बारीक असतील आणि बाकीच्या शरीरातला आजार आटोक्यात असेल, तर बुद्धीच्या दृष्टीने मी पुन्हा रेडिओसर्जरीकडेच झुकेन. जपानमधील ११९४ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच ते दहा गाठींवर केवळ रेडिओसर्जरी दिलेल्यांचे आयुष्यमान दोन ते चार गाठी असलेल्यांपेक्षा कमी ठरले नाही, त्यामुळे गाठींची एकूण संख्या पाच झाली म्हणजे हा मार्ग बंद झाला, असे समजू नये. पूर्ण मेंदूचा शेक मी त्या परिस्थितीसाठी राखून ठेवेन, जेव्हा नव्या गाठी वेगाने आणि अनेक ठिकाणी उगवू लागतील किंवा आजार मेंदूच्या आवरणात पसरेल. तशी वेळ आली तरी तो शेक पूर्वीसारखाच द्यावा लागतो असे नाही. हिप्पोकॅम्पस वाचवून शेक देण्याची पद्धत आता उपलब्ध आहे. ५१८ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना मेमॅन्टिन हे स्मृतिभ्रंशावरचे औषध दिले होते, आणि ही पद्धत वापरलेल्या गटात बौद्धिक घसरणीचा धोका नेहमीचा शेक घेतलेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. मात्र हिप्पोकॅम्पसच्या अगदी लगत गाठ असेल तर ती वापरता येत नाही. याबरोबरच कर्करोगतज्ज्ञांना एक प्रश्न विचारायला विसरू नका : हर-टू प्रकारासाठी टुकाटिनिब किंवा ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन यांसारखी मेंदूतल्या गाठींवरही परिणाम करणारी औषधे आली आहेत, त्यांपैकी एखादे आईंना देता येईल का?

आईंना न सांगण्याबद्दल तुम्ही माझे मत विचारलेले नाही, तरी ते देतो. तुमचा हेतू मायेचा आहे हे समजते. पण ज्या बाईने इतकी वर्षे इतरांचा पैसा सांभाळला, तिला आपला हिशेब चुकतो आहे हे तुमच्या आधी कळलेले असते, आणि कारण माहीत नसल्यामुळे तिच्या मनात वेड लागण्याची भीती घर करून बसते. 'डोक्यात गाठी आहेत, त्यांच्या सुजेमुळे आणि औषधांमुळे विसरायला होते, त्यावर उपचार चालू आहेत' एवढे ऐकून बहुतेक रुग्णांना हलके वाटते. शिवाय स्मरण आणि आयुष्य यांच्यात तोलून घ्यायचा निर्णय ज्यांच्या मेंदूचा आहे त्यांना वगळून घेणे मला योग्य वाटत नाही. पहिल्यांदा सांगताना डॉक्टरांना बरोबर घ्या, आणि आई किती विचारतात त्या बेताने पुढचे सांगा.

घरातल्या व्यवस्थेत सर्वांत आधी गोळ्या हाती घ्या, कारण डेक्सामेथासोन चुकून दोनदा घेतले किंवा फिटची गोळी राहिली तर त्याचे परिणाम गंभीर होतात. वार आणि वेळ लिहिलेले कप्प्यांचे डबे मेडिकलच्या दुकानात मिळतात. रविवारी तुम्ही भरून ठेवा आणि रिकामा कप्पा पाहून गोळी घेतली की नाही हे आईंना स्वतःलाच कळू द्या. भिशी त्यांच्याकडून काढून घेऊ नका. विश्वासातल्या एका बाईला जोडीला बसवा आणि पैसे हातात येताच, दुसरे काही बोलण्याआधी, वहीत मांडायचे असा नियम करा. माणसे ओळखणे, पाळी ठरवणे, भांडण मिटवणे ही कामे आई अजून करू शकत असतील तर ती त्यांच्याकडेच राहू द्या. गॅसजवळ काही दिवस कोणीतरी असावे आणि स्कूटर चालवत असतील तर फिट आल्यानंतर ती डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. बँकेचे खाते संयुक्त करणे, वारसाचे नाव नोंदवणे आणि इच्छा असल्यास मृत्युपत्र, ही कामे आईंची समज पूर्ण शाबूत असताना त्यांच्याच इच्छेने करून घ्या. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नका, कारण ते देणाऱ्याची समज गेली की कायद्याने त्याचा अंमल संपतो.

पुन्हा फिट येणे, डोके असह्य दुखून उलट्या होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिवसभर गुंगीत राहणे किंवा काही तासांत एकाएकी गोंधळ वाढणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता आईंना थेट रुग्णालयात न्या. रेडिओसर्जरीत कोणत्या गाठीला किती मात्रा दिली याचा सारांश, आजवरच्या सर्व एमआरआयच्या सीडी आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये तयार ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांसमोर उभे राहावे लागले तरी त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.